गोंगाट ओसरल्यावर : शोस्ताकोविच कुणाकडून ऐकावा?

लेखांक सातवा

दमित्री शोस्ताकोविचचं आयुष्य आपण गेल्या लेखांकात पाहिलं. आता त्याचं संगीत ऐकायला बसायचं, तर पहिलीच अडचण समोर येते. पंधरा सिंफनी, पंधरा स्ट्रिंग क्वार्टेट, आणि त्यातल्या प्रत्येकाची डझनावारी ध्वनिमुद्रणं. कुठलं निवडायचं?

ख्यालाची सवय असलेल्या आपल्या कानाला हा प्रश्न जरा विचित्र वाटू शकतो. ख्यालात बंदिश चार ओळींची असते आणि बाकीची इमारत गायक आपल्यासमोर उभी करतो. म्हणून एकच राग दोघांच्या गळ्यातून दोन वेगळे राग वाटावेत इतका बदलतो. सिंफनीत प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर छापलेला असतो, लय लिहिलेली असते, जोर कुठे द्यायचा तेही लिहिलेलं असतं. तरीही शोस्ताकोविचची आठवी सिंफनी एका ध्वनिमुद्रणात अंगावर काटा आणते आणि दुसऱ्यात नुसतीच लांबते. फरक राहतो तो लयीच्या सूक्ष्म ओढाताणीत, स्वराच्या वजनात, आणि सर्वांत जास्त म्हणजे हळू वाजवायच्या जागा किती श्रद्धेने वाजवल्या आहेत यात.

माझी कसोटी तीच आहे. शोस्ताकोविचच्या संगीतात ढोल-तुताऱ्यांचे प्रचंड कल्लोळ येतात आणि कुठल्याही चांगल्या वाद्यवृंदाला ते जमतात. कल्लोळ फुटल्यानंतर जे उरतं, ते फार थोड्यांना जमतं. ध्वनिमुद्रण निवडताना मी आधी त्या जागा ऐकतो.

आठव्या सिंफनीपासूनच सुरुवात करू. ४ नोव्हेंबर १९४३ रोजी मॉस्कोत येवगेनी म्राविन्स्कीने ती प्रथम सादर केली; अर्पणही त्यालाच केलेली आहे. पहिला भाग जवळजवळ पंचवीस मिनिटांचा. मध्यावर सगळा वाद्यवृंद अक्षरशः किंचाळतो, ड्रमचे घाव पडतात, आणि मग एकाएकी तंतुवाद्यांच्या थरथरत्या स्वरांवर एकटा इंग्लिश हॉर्न बोलू लागतो. तो कितीतरी वेळ बोलतच राहतो. पुष्कळ संचालक इथे घाई करतात, कारण इतक्या मोठ्या स्फोटानंतर काहीच घडत नाही याची त्यांना भीती वाटत असावी. म्राविन्स्की घाई करत नाही. लयीत ढिलाई न येऊ देता तो त्या वादकाला श्वास घ्यायला जागा देतो. १९८२ मध्ये लेनिनग्राडच्या मैफलीत झालेलं त्याचं ध्वनिमुद्रण माझ्या मते या सिंफनीचं सर्वांत मोलाचं आहे. एक सूचना मात्र द्यायला हवी : फिलिप्सच्या मूळ सीडीत पट्टी किंचित चढलेली आहे. ती दुरुस्त करून निघालेली प्रत मिळाली तर तीच ऐकावी. सप्टेंबर १९६० मध्ये म्राविन्स्कीचा लेनिनग्राड फिलहार्मोनिक लंडनला आला होता. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रणही उपलब्ध आहे, आणि त्यात तिसरा भाग अधिक भयंकर आहे.

म्राविन्स्कीचा शब्द इथे जड का ठरतो? १९३८ ते १९८८ अशी पन्नास वर्षं तो लेनिनग्राड फिलहार्मोनिकचा प्रमुख होता. पाचवी, सहावी, आठवी, नववी, दहावी आणि बारावी या सिंफनींचे पहिले प्रयोग त्याचे. तालमींना संगीतकार समोर बसलेला असे. संगीतकाराशी जवळीक होती म्हणून ध्वनिमुद्रण आपोआप श्रेष्ठ ठरत नाही हे खरं. पण या वादकांच्या वाजवण्यात एक गोष्ट ऐकू येते जी नंतरच्या चकचकीत ध्वनिमुद्रणांत क्वचितच मिळते : कुणीही श्रोत्याला खूश करायला वाजवत नाही.

पाचव्या सिंफनीचं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं आहे, म्हणून तिथे जरा थांबू. २८ जानेवारी १९३६ ला ‘प्रावदा’ने शोस्ताकोविचच्या ऑपेरावर घणाघाती लेख छापला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, तालमी चालू असतानाच, त्याला चौथी सिंफनी मागे घ्यावी लागली. २१ नोव्हेंबर १९३७ ला लेनिनग्राडमध्ये पाचवी वाजली तेव्हा सभागृहातल्या बऱ्याच जणांच्या घरचं कुणी ना कुणी पकडलं गेलेलं होतं. तिसऱ्या, संथ भागात लोक उघड रडले. तो भाग नीट ऐकून पाहा : तुताऱ्या, हॉर्न, ट्रॉम्बोन पूर्ण गप्प आहेत, व्हायोलिन नेहमीच्या दोनाऐवजी तीन गटांत विभागलेली आहेत, व्हिओला आणि चेलोचेही दोन-दोन गट. इतकी पातळ, इतकी एकाकी वीण त्याने दुसरीकडे फारशी विणलेली नाही.

वाद असतो तो शेवटाचा. तो विजयाचा जल्लोष आहे की कुणीतरी दंडुका उगारून करवून घेतलेला जल्लोष? सॉलोमन वोल्कोव्हने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘टेस्टिमनी’त संगीतकाराच्या तोंडी दुसरा अर्थ घातलेला आहे; पण ते पुस्तक खरोखर त्याच्या आठवणींचं आहे का, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. भर म्हणून वेगवेगळ्या छापील प्रतींत लयीची खूण वेगळी आहे, आणि एकीप्रमाणे वाजवलं तर गती दुसरीच्या जवळजवळ दुप्पट होते. लिओनार्ड बर्नस्टाईन १९५९ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक घेऊन सोव्हिएत दौऱ्यावर गेला, मॉस्कोत त्याने संगीतकाराच्या उपस्थितीत पाचवी वाजवली, आणि परतल्यावर लगेच ती ध्वनिमुद्रित केली. त्याचा शेवट धावत सुटतो. रोस्त्रोपोविच तोच शेवट इतका जड पावलांनी नेतो की दुसरा अर्थच कानावर आदळतो.

मला दोन्ही पटत नाहीत. म्राविन्स्की मधली गती धरतो, चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाही आणि अर्थ श्रोत्यावर सोडतो. त्याचं १९८४ चं ध्वनिमुद्रण माझ्या पसंतीचं आहे. तरी बर्नस्टाईनचा संथ भाग कुणी चुकवू नये. त्या संध्याकाळी लेनिनग्राडमध्ये लोक का रडले, ते तिथे कळतं.

मागे घेतलेली चौथी अखेर ३० डिसेंबर १९६१ ला मॉस्कोत वाजली, कंडक्टर किरिल कोंद्राशिन. शंभराहून अधिक वादक लागणारी ही अवाढव्य रचना शेवटी चेलेस्टाच्या काही थेंबांत विरून जाते. पुढच्याच वर्षी, १८ डिसेंबर १९६२ ला, तेराव्या सिंफनीचा पहिला प्रयोगही कोंद्राशिननेच केला. येवतुशेंकोच्या कवितांवरची ही सिंफनी सरकारला खुपत होती, आणि ती उभी करायला म्राविन्स्की पुढे आला नव्हता. पंधराही सिंफनींचा पहिला पूर्ण संच कोंद्राशिनचाच, मेलोदिया कंपनीचा. ध्वनी रुक्ष आहे, तुताऱ्या कधीकधी कानाला टोचतात. पण चौथी आणि तेरावी त्याच्याकडूनच ऐकावी असं मी ठामपणे म्हणेन. तेरावीसाठी पहिल्या प्रयोगाच्या दिवसांतली मैफलीची मुद्रणंही मिळतात.

स्वच्छ, खोल ध्वनीत पूर्ण संच हवा असेल, तर बर्नार्ड हाइटिंकचा. लंडन फिलहार्मोनिक आणि आम्स्टरडॅमचा कॉन्सर्टखेबाव हे दोन वाद्यवृंद घेऊन त्याने तो डेक्कासाठी केला. हाइटिंक भडकत नाही, ही काहींची तक्रार आहे. मला तोच त्याचा गुण वाटतो, विशेषतः पंधराव्या सिंफनीत. रुडॉल्फ बार्शायने कोलोनच्या रेडिओ वाद्यवृंदाबरोबर केलेला संच स्वस्तात मिळतो आणि किमतीच्या मानाने फारच मोठा आहे.

दहाव्या सिंफनीबद्दल एकच वाक्य : करायानने आयुष्यभरात शोस्ताकोविचची हीच एक सिंफनी ध्वनिमुद्रित केली, १९६६ आणि १९८१ अशी दोनदा, आणि यातलं पहिलं ऐकलं नाही तर पहिल्या भागाच्या अखेरीस दोन पिकोलो किती दूरवरून येऊ शकतात याची कल्पना येणार नाही.

आता क्वार्टेट. इथे नियम बदलतो. चारच माणसं : दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. लपायला जागा नाही. पहिला क्वार्टेट १९३८ चा, म्हणजे तोवर पाच सिंफनी लिहून झाल्या होत्या. पहिला आणि पंधरावा सोडून सगळ्यांचे पहिले प्रयोग मॉस्कोच्या बेथोव्हन क्वार्टेटने केले. ते चौघे इतके जवळचे की अकरा ते चौदा हे चार क्वार्टेट शोस्ताकोविचने एकेकाला अर्पण केले : अकरावा दिवंगत वासिली शिरिन्स्कीच्या स्मृतीला, बारावा त्सिगानोव्हला, तेरावा बोरिसोव्स्कीला, चौदावा सर्गेई शिरिन्स्कीला. बोरिसोव्स्की व्हिओलावादक, म्हणून तेराव्यात व्हिओला सतत पुढे आहे. चौदाव्यात तो मान चेलोला. हे माहीत असलं की दोन्ही रचना वेगळ्याच ऐकू येतात. बेथोव्हन क्वार्टेटची जुनी मुद्रणं खरखरीत आहेत. तेरावा तरी त्यांच्याकडून ऐकावाच.

रोजच्या सोबतीला मात्र मी बोरोदिन क्वार्टेट घेईन. त्यांच्या दोन मालिका आहेत. पहिलीत पहिलं व्हायोलिन रोस्तिस्लाव दुबिन्स्कीचं. ती तेराव्या क्वार्टेटपाशी थांबते. दुसरी पूर्ण पंधराची, मिखाईल कोपेलमान पहिल्या व्हायोलिनवर. दोन्हींत चेलो व्हालेन्तिन बर्लिन्स्कीचा. दुसरीचा स्वर अधिक भरदार, अधिक सुंदर. पहिलीत धार आहे, आणि तिसऱ्या क्वार्टेटला (१९४६) तीच हवी. एमर्सन क्वार्टेटने अमेरिकेतल्या ॲस्पेनला श्रोत्यांसमोर केलेली मालिका अचूकतेत अजोड आहे. वेगवान भागांत ती थक्क करते. संथ भागांत मला तिथे थोडी घाई जाणवते, आणि माझी कसोटी तर संथ भागांचीच.

आठवा क्वार्टेट सर्वांत प्रसिद्ध. जुलै १९६० मध्ये, ड्रेस्डेनजवळ, तीन दिवसांत लिहिलेला. शोस्ताकोविचच्या नावाची जर्मन आद्याक्षरं ज्या चार स्वरांत बसतात, ते स्वर सुरुवातीलाच चेलो उच्चारतो आणि ते शेवटपर्यंत पाठ सोडत नाहीत. बार्शायने याची तंतुवाद्यवृंदासाठी केलेली आवृत्ती खूप वाजते. ती आधी ऐकू नये. चौथ्या भागात तीन ठोके दारावर पडल्यासारखे येतात. चार माणसांच्या हातून ते जवळ पडतात, वीस माणसांच्या हातून ते नाट्य होतं. बोरोदिनचं १९६२ चं डेक्का मुद्रण इथे अजूनही पहिलं.

इंग्लंडच्या फिट्झविल्यम क्वार्टेटचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विद्यार्थीदशेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या या चौघांचा तेरावा क्वार्टेट ऐकायला १९७२ मध्ये आजारी शोस्ताकोविच स्वतः यॉर्कला गेला होता. पुढे त्यांनी पंधराही ध्वनिमुद्रित केले. रशियन वादकांचा रुंद, कंप भरलेला स्वर यांच्याकडे नाही. स्वर सरळ ठेवून, जवळजवळ उघडा ठेवून ते वाजवतात, आणि उत्तरकाळातल्या क्वार्टेटना हे विलक्षण शोभतं.

पंधरावा (१९७४) मी त्यांच्याकडूनच ऐकतो. सहा भाग, सगळे संथ, मध्ये विराम नाही, सुमारे पस्तीस मिनिटं. दुसऱ्या भागात एकेकच स्वर नगण्य आवाजापासून वाढत वाढत किंकाळीपर्यंत जातो, एका वाद्यावरून दुसऱ्यावर. बेथोव्हन क्वार्टेट याचा सराव करत असतानाच सर्गेई शिरिन्स्की वारला; म्हणून पहिला प्रयोग लेनिनग्राडच्या तानेयेव क्वार्टेटने केला.

नव्याने ऐकणाऱ्याने मात्र इथून सुरुवात करू नये. आधी पहिला क्वार्टेट आणि पाचवी सिंफनी एकापाठोपाठ ऐकाव्यात, कारण त्या जेमतेम वर्षाच्या अंतराने आल्या. मग तिसरा क्वार्टेट आणि आठवी सिंफनी : पाच भागांची रचना दोन्हीकडे सारखी आहे. मग आठवा क्वार्टेट. या तीन टप्प्यांत बोरोदिन आणि म्राविन्स्की दोघांचीही चांगली ओळख होईल, आणि एमर्सन किंवा हाइटिंक त्यांच्याशेजारी ठेवून आपलं मत आपणच बनवता येईल.

पुढच्या आठवड्यात प्रोकोफिएव्ह.