परिशिष्टातला बगळा

अंबा नदीच्या काठी, वडखळच्या शेजारी वसलेली डोलवी आज ओळखली जाते ती पोलाद कारखान्यामुळे आणि धरमतरच्या खाडीतील मालवाहतुकीमुळे. परंतु हा सारा परिसर मुळात खारेपाटाचा, म्हणजे भरतीचे पाणी मातीच्या बांधांनी अडवून भातशेतीखाली आणलेल्या सखल पट्ट्याचा आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात येथे बगळे, तुतवार आणि शेकाटे चरतात, उघाडीच्या (बांधातील पाणी सोडण्याच्या दाराच्या) कठड्यावर खंड्या बसतो, आणि हे दृश्य इतके रोजचे आहे की या पक्ष्यांना नेमका कोणता कायदा राखतो, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो विचारला, तर सव्वाशेहून अधिक वर्षांची एक वेडीवाकडी वाट समोर येते, आणि तिच्या मध्यावर उभा दिसतो तो एक शिकारी.

पक्ष्यांसाठी केलेला पहिला अखिल भारतीय कायदा 1887 सालचा. विणीच्या हंगामात नुकत्याच मारलेल्या किंवा पकडलेल्या पक्ष्यांची विक्री व बाळगणूक रोखण्याचे नियम करण्याची मुभा त्याने दिली, पण ती नगरपालिकांच्या आणि लष्करी छावण्यांच्या हद्दीपुरती. याचा व्यवहारातील अर्थ असा की शहराच्या बाजारात गुन्हा ठरू शकणारी गोष्ट डोलवीसारख्या खेड्याच्या शिवारात गुन्हा ठरत नव्हती. कायदा पक्ष्याचा नव्हता, पेठेचा होता. तरीही त्यातील एक समज आजही दाद देण्याजोगी आहे: बंदुकीमागे धावण्यापेक्षा गिऱ्हाईक तोडणे सोपे, हे सरकारला तेव्हाच उमगले होते.

हीच समज बगळ्याच्या कामी आली, आणि तिचे श्रेय भातखाचरांना नसून युरोपातील टोप्यांना आहे. विणीच्या दिवसांत बगळ्याच्या पाठीवर येणारी तलम, लोंबती पिसे स्त्रियांच्या टोप्यांत खोवण्याची तेथे चाल होती, आणि त्या मागणीपायी अंडी-पिल्ले घरट्यात असतानाच पाखरे मारली जात. 1902 मध्ये भारत सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, आणि 1912 च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, तितर, लावा, माळढोक, बदके अशा ‘शिकारीयोग्य’ पक्ष्यांच्या जोडीला बगळा, नीलपंख आणि खंड्या यांची नावे आली. पहिला गट ताटासाठी राखला गेला आणि दुसरा टोपीमुळे. पक्षी म्हणून पक्षी राखावा, हा विचार त्या यादीत शोधूनही सापडत नाही. शिवाय बंदीकाळ, म्हणजे शिकार वर्ज्य असलेला हंगाम, ठरवण्याचे काम प्रांतिक सरकारांवर सोपवलेले होते, त्यामुळे कायद्याचा धाक प्रांतागणिक बदलत असे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1951 मध्ये वन्य पशू व वन्य पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, पेण-रोह्याची गावेही त्याच्या कक्षेत आली. या कायद्याच्या घडणीत मोठा वाटा हुमायून अब्दुलअली यांचा होता. 1914 मध्ये जपानमधील कोबे येथे जन्मलेले, मुंबईत वाढलेले, पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींच्या नात्यातले हे गृहस्थ मुंबई व साष्टी बेटावरील पक्ष्यांविषयीच्या, 1936 पासून प्रसिद्ध झालेल्या लेखमालेत सालिम अलींचे सहलेखक होते. 1950 च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिवपद त्यांनी सांभाळले, आणि पुढे संस्थेच्या संग्रहातील हजारो पक्षीनमुन्यांची सूची करण्याचे किचकट काम अंगावर घेतले. डोलवीहून फार दूर नसलेल्या किहीम येथे सालिम अलींनी 1930 मध्ये सुगरणीच्या वीणवर्तनाचा जो अभ्यास केला, त्याची कथा मराठी वाचकाला पाठ असते. अब्दुलअलींचे नाव मात्र पक्षीनिरीक्षकांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच ऐकू येते, आणि ही उपेक्षा न्याय्य म्हणता येत नाही.

अब्दुलअली स्वतः बंदूक चालवणारे होते, आणि आजच्या वाचकाला हे खटकेल. परंतु कायद्याच्या दृष्टीने तेच त्यांचे बळ ठरले असावे, कारण शिकारी कोठून निसटतो, हे शिकाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? परवान्यांची पद्धत, शिकारीच्या प्राण्यांचे वर्ग आणि सरकारला सल्ला देणारे राज्यस्तरीय मंडळ ही त्या व्यवस्थेची अंगे होती. तिच्या मुळाशी संपूर्ण बंदी नव्हती, तर शिकारीला आवर घालण्याची कल्पना होती, आणि ‘उपद्रवी’ ठरवलेल्या जीवांना अभय नव्हते. ही मर्यादा खरी असली, तरी राज्याने वन्य जीवांची जबाबदारी एका कायद्यात घ्यावी, हा पायंडा येथे पडला, आणि 1972 च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्याचा एक पूर्वज म्हणून 1951 च्या कायद्याकडे पाहिले जाते.

येथे इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. वन्य जीव हा त्या काळी राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने, किमान दोन राज्यांनी ठराव करून मागणी केल्याखेरीज संसदेला त्यावर कायदा करता येत नव्हता. राज्यघटनेच्या 252 व्या अनुच्छेदाची ती अट आहे. 1972 च्या कायद्याच्या प्रास्ताविकात असे ठराव करणाऱ्या अकरा राज्यांची नावे दिली आहेत, आणि त्यांत गुजरात आहे, मणिपूर आहे, पण ज्या भूमीवर 1951 चा कायदा घडला त्या महाराष्ट्राचे नाव नाही. त्याने तो कायदा नंतर, 1973 मध्ये, स्वीकारला. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य या दोघांच्याही अधिकारकक्षेत, आणला, आणि 1991 च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांचे युग संपले.

दरम्यान 1968 मध्ये पेणच्या वाटेवरील कर्नाळा हे पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. सुरुवातीला पाच चौरस किलोमीटरांहूनही लहान असलेले हे क्षेत्र 2003 मध्ये 12.11 चौरस किलोमीटरांपर्यंत वाढले, आणि मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या मधूनच जातो, यापलीकडे त्याविषयी वाचकाला नवे सांगण्यासारखे फारसे नाही.

अधिक लक्षणीय गोष्ट ही की अलीकडच्या काळात पक्ष्यांना ज्यांचा भरीव उपयोग झाला, त्या धोरणांचा मूळ विषय पक्षी नव्हताच. गिधाडे वाचवण्याची लढाई औषधाच्या बाटलीवर लढली गेली: डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे 2004 मध्ये सिद्ध झाले, 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, आणि माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतात हे ध्यानात आल्यावर 2015 मध्ये कुपीचा आकार 3 मिलिलिटरवर आणला गेला. म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या गिधाडांचे भवितव्य अशा रीतीने औषध नियंत्रकाच्या कचेरीशी जोडले गेले. अब्दुलअलींनीही उतारवयात हाच मार्ग धरला होता. भातावरील कीड खाणाऱ्या बेडकांच्या तंगड्यांची निर्यात थांबावी म्हणून त्यांनी लिहिले, आग्रह धरला, आणि 1987 मध्ये ती निर्यात बंद झाली.

डोलवीच्या खाडीकाठावर हेच काम कांदळवनाविषयीच्या आदेशाने केले. 6 ऑक्टोबर 2005 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील कांदळवनांची तोड थांबवली आणि त्यांच्या भोवतालच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली. 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. बगळ्याच्या रातथाऱ्याला, म्हणजे रात्री थव्याने विसावण्याच्या जागेला, याहून भक्कम आधार त्याच्या नावाचे परिशिष्टही देऊ शकले नव्हते.

परंतु याच आदेशाची दुसरी बाजू खारेपाटातील शेतकऱ्याला भोगावी लागते, आणि पक्षीप्रेमी लेखनात ती बहुधा गाळली जाते. उधाणाने बांध फुटला आणि वेळीच बुजवला गेला नाही, तर खारे पाणी शेतात शिरते, काही वर्षांत तेथे तिवरे उगवतात, आणि सातबाऱ्यावर भातशेत असलेली जमीन प्रत्यक्षात कांदळवन होते. मग ते तोडणे हा गुन्हा, आणि न तोडावे तर पीक नाही. 1979 च्या खारभूमी विकास कायद्याचे प्रयोजन शेत राखणे हे आहे, न्यायालयीन आदेशाचे तिवर राखणे. दोहोंच्या मध्ये सापडलेल्या शेतकऱ्याला पक्षीरक्षणाचे आवाहन करणे निर्लज्जपणाचे ठरेल. ज्यांना या किनाऱ्यावर पक्ष्यांसाठी धोरण हवे आहे, त्यांनी बांधांच्या वेळच्या वेळी होणाऱ्या दुरुस्तीची मागणी सर्वांत आधी करावी, कारण सुस्थितीतील बांधाच्या आत भात आणि बाहेर तिवरे, अशी वाटणी झाली तर दोन्हीकडे बगळ्याला खायला मिळते.

राहता राहिला ‘उपद्रवी’ हा वर्ग. 1972 च्या कायद्यातही त्याचे एक स्वतंत्र परिशिष्ट होते, आणि उंदीर, घूस व फळे खाणारे वटवाघूळ यांच्या पंक्तीला त्यात कावळाही बसवलेला होता. 2022 च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट काढून टाकले, ती दुरुस्ती 1 एप्रिल 2023 रोजी अमलात आली. तोवर अर्धशतकभर, पितृपक्षात ज्याच्यासाठी घराघरांतून घास काढून ठेवला जातो आणि ज्याची वाट पाहत यजमान ताटकळत राहतो, तो पक्षी कायद्याच्या लेखी उपद्रवी होता.