गिरणीत आधी ज्वारीचा नंबर

16 मे, जागतिक सिलिअ‍ॅक दिन. त्याच्या आसपास मोबाइलवर ‘ग्लूटेनमुक्त न्याहारी’चा पाऊस पडतो. बदामाच्या पिठाचे पॅनकेक काय, किनोआची खीर काय! यातलं काहीही पेडगावच्या किराणा दुकानात मिळत नाही आणि त्यावाचून तिथं कुणाचं अडलेलंही नाही. (म्हणीतलं पेडगाव निराळं, ते भीमेकाठी, श्रीगोंद्याकडे. आमचं परभणी–मानवत रोड लोहमार्गावरचं. इथं यायला वेड पांघरावं लागत नाही.)

माझी मामेबहीण तिथं दिली आहे. तिच्या नऊ वर्षांच्या पोरीला दोन वर्षं रक्तवाढीची औषधं चालू होती. मधूनमधून जंताची गोळी. हिमोग्लोबिन जागचं हलत नव्हतं, उंची खुंटलेली, पोट तेवढं फुगलेलं. जुलाब नाहीत, त्यामुळं आतड्याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी तपासणी करायला लावली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला. निदान: सिलिअ‍ॅक. गव्हातल्या ग्लूटेनमुळं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं आणि खाल्लेलं लोह आत शिरतच नाही.

“हा पंजाब्यांचा आजार, आपल्याकडं कुठला?” हे मी स्वतः बोललो होतो. त्यावर वाचलं तेव्हा गप्प झालो. देशातल्या तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी 2016 साली प्रसिद्ध झाली. आजाराला लागणारी जनुकं उत्तरेत आणि दक्षिणेत जवळपास सारखीच, दर तिघांत एकाकडं. आजार मात्र उत्तरेत कितीतरी जास्त. फरक ताटात होता: उत्तरेत माणशी रोज साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गहू, दक्षिणेत पंचवीस. आपण मराठवाड्याचे लोक इतकी वर्षं भाकरीच्या बाजूला होतो. मग रेशनचा गहू आला, पोळी पाहुण्यांची होती ती रोजची झाली. भाकरी गरिबाची आणि पोळी सुधारलेल्याची, हे आपणच ठरवलं.

गव्हाचा दोष तरी जगाला कधी कळला? हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाचा प्रबंध 1950 सालचा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात तिथं पाव मिळेना आणि त्याची आजारी मुलं सुधारली, ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच्याही आधी एका आईनं त्याला सांगितलं होतं, की पाव बंद केला की लेकराच्या अंगावरचं पुरळ जातं. ती आई मात्र गोष्टीतून गळते.

पेडगावच्या आईकडं, म्हणजे माझ्या मामेबहिणीकडं, न्याहारीला मी धपाटे खाल्ले. मराठवाड्यात धपाट्याला बांधणीसाठी मूठभर कणीक घालायची रीत आहे, ती इथं बाद. तिनं अर्ध्या ज्वारीच्या पिठावर खळखळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं. वाफ जिरल्यावर उरलेलं पीठ, घरच्या डाळीचं बेसन, तीळ, ओवा, लसूण-मिरचीचा ठेचा, दही घालून तळहाताच्या टाचेनं रगडून मळलं. “पीठ ताजं पाहिजे दादा, विरी गेली की सगळं तुटतं.” ओल्या फडक्यावर थापून, मधे बोटानं भोकं पाडून, फडक्यासकट तव्यावर उलटं. एकही मोडला नाही. गरम पाण्यानं ज्वारीतलं पिष्ट चिकट होतं, गव्हाच्या चिकाचं काम तेच करतं.

ज्वारी चालते का, याची शंका शास्त्रालाही होती. 2007 साली इटलीतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत तपासून, मग मोजक्या रुग्णांना पाच दिवस ज्वारीचे पदार्थ खायला घातले. काही त्रास नाही. पाच दिवस! आमच्याकडं शेकडो वर्षांचा प्रयोग चालू आहे, फक्त शोधनिबंध कुणी लिहिला नाही.

बाकी दिवशी मुरमुऱ्यांचा सुशीला, मुगाचं धिरडं, पोहे, रात्रीच्या भाकरीचा ताकातला नाहीतर फोडणीचा कुस्करा. रव्याचा उपमा, शेवया, चहातली खारी गेली. पोरीला दुःख फक्त खारीचं.

खरी लढाई पदार्थांशी नाही, पिठाच्या धुरळ्याशी आहे. रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेलं तरी आतडं बिघडतं, असा एक अभ्यास आहे. म्हणजे एका पोळीचा साठावा तुकडा. तो हिंगातूनही येतो: डबीतल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं. पोहे निर्दोष, फोडणी दोषी. गव्हाची चाळणी, कणकेची परात, पोळ्यांचा तवा, सगळं वेगळं करावं लागतं. सासूबाईंना हे पटेना. माझ्या बहिणीनं एका वाक्यात पटवलं: “उपवासाची भांडी आपण येगळी ठेवतो का नाही? मग हिचा रोजचाच उपास समजायचा.” भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळं चालतं. (भगर आख्खी घ्या, निवडून घरीच दळा, सुट्या पिठातून विषबाधेच्या बातम्या दर नवरात्रात येतात.) पहिल्या आठवड्यात पोरगी विचारायची, “मामा, आज पुन्हा एकादशी हाय का?”

रक्त भरून यायला ‘परभणी शक्ती’ ही लोह-जस्त जास्त असलेली ज्वारी बरी. आमच्याच कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर आणलेली, 2018 साली. किलोला 45 मिलिग्रॅम लोह, साधीत तीसच्या आसपास. मोंढ्यात मी ती नावानं मागितली, तर दुकानदार म्हणाला, “शक्ती-बिक्ती नाही, ज्वारी आहे.”

वजन घटवायला गहू सोडणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण सिलिअ‍ॅकची शंका असेल तर तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. आधीच बंद केला तर रक्तातल्या खुणा पुसल्या जातात आणि निदान लटकतं.

राहिली गिरणी. गव्हानंतर ज्वारी दळली की पहिलं पीठ मिसळीचंच. गिरणीवाल्याशी ठरलंय: पहाटे पट्टा चढला की पहिला नंबर बहिणीच्या ज्वारीचा, पहिलं किलोभर पीठ म्हशीला, पुढचं पोरीला. तुमच्या गावात एखादी बाई डबा घेऊन “आधी माझं” म्हणाली, तर नंबरावरून भांडू नका.