जागल्याची झोप

रात्री झोपायला जाण्यापूर्वी वाय-फायच्या डब्यावर एकदा तळहात ठेवून बघा. कोमट लागेल. घरातले सगळे फोन बाजूला पडलेले असतात, टीव्ही बंद असतो, कोणी काही मागत नाही की पाठवत नाही. तरीही डब्याची ऊब जवळपास दिवसाइतकीच असते. काहीच काम नसताना तो तापतो कशाने?

पूर्वी गावगाड्यात जागल्या असायचा. रात्रभर तो फिरायचा, हाळी द्यायचा आणि त्याच्या भरवशावर गाव झोपायचं. वाय-फायचा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे हा डबा, नेमकं तेच करतो. साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी तो हाळी देतो: माझं नाव अमुक, मी अमुक चॅनेलवर आहे, मला अमुक वेग जमतात. तंत्रज्ञ या हाळीला ‘बीकन’ म्हणतात. फोनवर शेजारपाजारच्या वाय-फायची नावं दिसतात ती बहुधा अशा हाळ्या कानावर पडल्यामुळेच. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांना या अंतराने भागलं की उत्तर येतं ८,४३,७५०. एका नावाच्या, एका बँडवरच्या, एका दिवसातल्या या हाळ्या! डबा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडवर चालत असेल तर याच्या दुप्पट.

या हाळीत आणखी एक मजकूर दडलेला असतो, तो उशाशी ठेवलेल्या फोनसाठी. फोन आपला वाय-फाय रेडिओ मिटून डुलकी घेतो. त्या वेळात आलेले निरोप अ‍ॅक्सेस पॉइंट सांभाळून ठेवतो आणि कोणाकोणाचं टपाल आलंय याची छोटी यादी बीकनमधून पुकारतो. फोन ठरलेल्या हाळीपुरता क्षणभर जागा होतो, यादीत आपला क्रमांक बघतो आणि नसला तर पुन्हा झोपतो. फोनची बॅटरी वाचते ती कोणीतरी दुसरं जागं असतं म्हणूनच.

मग डब्याची ऊब या हाळ्यांची का? नाही. एक हाळी जुन्या, सावकाश वेगाने दिली तरी दोन-तीन मिलिसेकंदांत संपते आणि त्या वेळी हवेत जाणारी ऊर्जा वॉटच्या काही दशांशांइतकीच असते. डबा मात्र भिंतीतून, समजा, आठ वॉट घेत असतो. त्यातली बरीचशी ऊर्जा जाते कान देण्यात. दोन खोल्यांपलीकडच्या फोनचा सिग्नल डब्यापर्यंत पोचतो तेव्हा मूळ ऊर्जेचा जेमतेम अब्जावा भाग उरलेला असू शकतो. एवढी कुजबुज टिपायची, आणि ती कधी येईल ते आधी ठाऊक नाही! त्यामुळे अँप्लिफायर, सिग्नलचे आकडे करणारी चिप, स्मृती आणि प्रोसेसर सतत तयारीत राहतात. हाताला लागते ती या सावधपणाची ऊब.

आता हिशेब मांडू. आठ वॉटचा डबा वर्षभर अखंड चालला तर सुमारे ७० युनिट वीज घेतो. जाड भिंतींच्या तीन मजली घरात प्रत्येक मजल्यावर एक डबा असेल, तर २१० युनिट. तिन्ही जागल्यांनी रात्रभर जागायची गरज नसते. झोपायच्या मजल्यावरचा एक चालू ठेवून बाकीचे दोन रात्री आठ तास बंद केले, तर वर्षाला साधारण ४७ युनिट वाचतात. तेवढ्यात ३० वॉटचा पंखा रोज आठ तासांप्रमाणे जवळपास १९५ रात्री वारा देईल.

बंद करायचे कसे? रोज रात्री जिने चढून बटणं दाबण्याचा नेम कोणाच्यानेही टिकत नाही. इथे घराचं स्वयंचलन मदतीला येतं आणि त्यातली सर्वांत देखणी वाट इथरनेटच्या केबलमधून जाते. २००३ मध्ये ठरलेल्या ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ मानकामुळे एकाच केबलमधून माहितीही जाते आणि वीजही. केबलच्या दुसऱ्या टोकाचा नेटवर्क स्विच आंधळेपणाने वीज सोडत नाही. आधी दहा व्होल्टांपर्यंतचाच हलका दाब देऊन तो पलीकडचा रोध मोजतो. तो २५ किलोओमच्या आसपास भरला, की हे उपकरण आपल्यातलंच, अशी ओळख पटते आणि मगच ४८ व्होल्टांच्या आसपासचा पुरवठा सुरू होतो. नियंत्रण करता येणारा स्विच असेल तर एका आज्ञेने त्या पोर्टची वीज थांबते, दुसऱ्या आज्ञेने परत येते. दर सकाळी ही ओळखपरेड नव्याने होते.

आज्ञा देणारा असतो घरातला एखादा छोटा संगणक. त्यावर ‘होम असिस्टंट’सारखी, २०१३ मध्ये सुरू झालेली मुक्त प्रणाली चालवता येते. तिला नियम सांगायचा: अकरा वाजून गेलेत, दिवाणखान्यात अर्धा तास हालचाल नाही, टीव्ही बंद आहे, तर खालचा डबा झोपव. पहाटे स्वयंपाकघरातला दिवा लागला की उठव. घड्याळाला फक्त वेळ कळते. अशा घराला माणसांची चाहूल लागते.

काही पथ्यं मात्र पाळायला हवीत. वाय-फायवर चालणाऱ्या प्लगनेच वाय-फाय बंद केलं, तर चालू करण्याची आज्ञा त्या प्लगपर्यंत पोचणार कुठून? बसल्या फांदीवर कुऱ्हाड नको. स्विचपर्यंतची वाट केबलचीच हवी. कॅमेरे किंवा दाराचं कुलूप ज्या डब्यावर अवलंबून आहेत त्याला झोपवू नये. सॉफ्टवेअरचं अपडेट चालू असताना वीज तोडू नये. आणि उठवायचं ते थोडं आधी, कारण डब्याला सावध व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलवर तर अनेक देशांत असा नियम आहे, की तोंड उघडण्यापूर्वी किमान ६० सेकंद कान देऊन जवळपास रडार चालू नाही ना, याची खात्री करायची. दिवाणखान्यातला डबा रोज सकाळी पहिल्यांदा आकाशाकडे कान लावतो, हे कळल्यापासून त्याच्याकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

शिवाय एक वजाबाकी विसरू नये. तो छोटा संगणक चार वॉट घेत असेल, तर त्याचे स्वतःचेच वर्षाला ३५ युनिट होतात. फक्त एवढ्यासाठी तो आणला तर हाती फारसं उरत नाही. दिवे, पंप, गिझर यांसाठी तो आधीच घरात असेल तर ही बचत खरी. नसेल तर राउटरमध्येच वेळापत्रकाची सोय आहे का, ते आधी पाहावं.

अभियंत्यांनीही हा प्रश्न मनावर घेतला आहे. २०२१ मध्ये मान्य झालेल्या एका वाय-फाय मानकात उपकरणांसाठी एक चिमुकला जादा रेडिओ आहे. मिलिवॉटहूनही कमी विजेत तो जागा राहावा आणि साद आली की मुख्य रेडिओला हलवून उठवावं, अशी त्यामागची कल्पना.

तोवर आपल्या घरापुरतं हे करून पाहता येईल. एका पहाटे लवकर उठा आणि दिवा लावण्यापूर्वी खालच्या मजल्यावरच्या डब्यावर तळहात ठेवा. तो गार लागला, की समजावं, आज जागल्यालाही झोप मिळाली.