ऑइल फिल्टर कंपनीचाच हवा का?
बंगळुरूच्या जे. सी. रोडवर ऑइल फिल्टर मागितला, की दुकानदार विचारतो, "कंपनीचा देऊ की दुसरा?" गंमत म्हणजे कार कंपन्या फिल्टर बहुधा स्वतः बनवत नाहीत, बाहेरून घेतात. याच शहरात भारतातलं मुख्यालय असलेल्या बॉशचे फिल्टर बाजारात सुटेही मिळतात. आपल्याच मॉडेलचा असेल, तर असा नामांकित फिल्टर खुशाल घ्या.

भीती आहे ती डुप्लिकेटची. त्यातला रबरी व्हॉल्व्ह कमकुवत असेल, तर रात्रभर उभ्या गाडीच्या फिल्टरमधलं ऑइल खाली उतरतं आणि सकाळी स्टार्ट करताच इंजिन काही क्षण पुरेशा ऑइलविना फिरतं. ही झीज लगेच कळत नाही. चारशे रुपयांचा माल शंभरात मिळत असेल, तर दुकान बदला. वॉरंटी चालू असेपर्यंत मात्र कंपनीचाच फिल्टर बसवा आणि बिल जपून ठेवा.