सातभाईंच्या घरचा आठवा

आमच्या सोसायटीच्या कुंपणाशी करंजाचं जुनं झाड आहे. रोज सकाळी त्याच्याखालच्या पाचोळ्यात सातभाई उतरतात. मातकट रंग, पांढुरके डोळे आणि सदानकदा भांडण उकरून काढल्यासारखा आवाज. कित्येक वर्षं त्या कलकलाटावर मी फक्त खिडकी लावून घेत आलो. गेल्या पावसाळ्यात पाय मुरगळला, आठ दिवस त्याच खिडकीत बसून काढावे लागले, तेव्हा कुठे त्यांच्याकडे नीट पाहिलं. सगळे पानं उलटून किडे टिपत होते. एक तेवढा वरच्या फांदीवर मान फिरवत बसलेला. खाली चंगळ चालली असताना हा उपाशी कशाला? थोड्या वेळाने दुसरा वर गेला आणि हा खाली उतरला. पहारा बदलला होता.

ए. जे. गॅस्टन यांनी १९७०च्या दशकात दिल्लीत सातभाईंचा बारकाईने अभ्यास केला. थवा म्हणजे बहुतेक एक एकत्र कुटुंबच. अंडी सहसा एकाच जोडीची, पण पिल्लांना भरवायला बाकीचेही राबतात. आता यात कौतुक कसलं, घरचंच तर आहे, असं कुणी म्हणेल. भावंडं वाढली की आपलीच जनुकं पुढे जातात, हा हिशेब जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी १९६४मध्ये मांडून ठेवलाय. मान्य. पण याच घरट्यात पावशा आपलं अंडं ठेवून जातो. सातभाईचं अंडं निळं, पावशाचंही निळं. ‘पेरते व्हा’ म्हणत शेतकऱ्याला कामाला लावणारा हा पक्षी स्वतः वाढतो तो परक्यांच्या घासावर. घरट्याबाहेर पडल्यावरही ते पिल्लू चोच वासून ओरडत राहतं आणि सातभाई भरवत राहतात. याला दया म्हणणं भाबडेपणाचं होईल, फसवणूकच आहे ती. तरी उघडी चोच दिसली की घास द्यायचा, ही ओढ किती खोलवर मुरलेली आहे ते कळतं.

अशीच ओढ दाखवणारा उंदरांवरचा एक प्रयोग शिकागोतल्या संशोधकांनी २०११मध्ये प्रसिद्ध केला. एक उंदीर नळीत कोंडलेला, दुसरा मोकळा. मोकळ्याने काही दिवसांत नळीचं दार उघडायची युक्ती शोधली. शेजारच्या नळीत चॉकलेट ठेवलं, तर त्याने दोन्ही दारं उघडली आणि बऱ्याचदा चॉकलेटमधला वाटा सुटलेल्यासाठी उरला. त्याला कुणी प्रवचन दिलेलं नव्हतं.

प्रवचनावरून दुसरा एक प्रयोग आठवला, डार्ली आणि बॅट्सन यांचा, १९७३मध्ये छापून आलेला. प्रिन्स्टनला धर्मशास्त्र शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना भाषणासाठी शेजारच्या इमारतीत पाठवलं. काहींचा विषय होता वाटेवर जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत एक माणूस दारात वाकून खोकत, कण्हत बसवला होता. ‘तुला उशीर झालाय’ असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्केच मदतीला थांबले. हाताशी वेळ असलेल्यांतले ६३ टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणावा असा फरक पडला नाही. संशोधकांचं म्हणणं असं, की घाईत असलेले काही जण निष्ठुर नव्हतेच. समोर कुणाला आपली गरज आहे, हेच त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मुंबईच्या लोकलमध्ये मी वीस वर्षं उभा राहिलोय. गर्दीत खांद्यावरची बॅग कुणीतरी न विचारता घेतं, ती चार हातांतून रॅकवर जाते आणि आपलं स्टेशन आलं की तशीच परत येते. त्यातला एकही चेहरा मला आज आठवत नाही. नेहमीच्या डब्यात निम्म्या वाटेवर बसलेला उठतो आणि उभ्याला जागा देतो. ‘बस आता’, एवढंच. त्या वेळी माझं लक्ष कशात असायचं? कोपर कुणी मारलं त्यात. आणि कोपराचे चेहरे मात्र आजही आठवतात!

आठव्या दिवशी मी काठी टेकत खाली उतरलो. आवार झाडणाऱ्या मावशींनी सगळीकडचा केर काढला होता. करंजाखालचा पाचोळा तेवढा बाकी होता आणि त्या झाडू बाजूला ठेवून पायरीवर बसल्या होत्या.

‘‘तेवढं राहिलं का?’’ मी विचारलं.

‘‘खातायत अजून ते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उठले की घेते.’’

कुंपणाकडचा केर रोज उशिरा निघतो, अशी तक्रार सोसायटीच्या वहीत आहे. मार्चमधली. अक्षर माझंच.