गिअर अडतो, दोष कुणाचा?

मालाने भरलेल्या ट्रकचा गिअर पडेनासा झाला की बोट आधी गिअरबॉक्सकडे जाते. तो खाली उतरवणे म्हणजे मोठा खर्च, आणि कित्येकदा विनाकारण. आधी इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहावेत. ते सहज पडले आणि इंजिन सुरू असताना मात्र करकरले, तर संशय क्लचवर घ्यावा. पेडल पूर्ण दाबूनही प्लेट नीट सुटत नसावी.

न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबताच थांबते? क्लच दाबला की गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरायचा थांबतो, म्हणून आतली बेअरिंग तपासावीत. दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग.

सर्वांत बोलकी तपासणी तेलाची, आणि तीच टाळली जाताना पाहून जीव तुटतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी, मऊ लुगदी असणे स्वाभाविक आहे. बोटांना टोचणारे पोलादी तुकडे लागले, तर गाडी मुळीच पुढे नेऊ नये. सिंक्रोनायझरच्या रिंगा पितळी असतील, तर त्यांचा चुरा चुंबकाला चिकटत नाही. त्याची पिवळी चकाकी शोधायला काढलेले तेल उन्हातच धरून पाहावे लागते.