कमी धावलेली ९११ : चालवावी किती?

विषय

पोर्शे ९११ ही स्पोर्ट्‌स कार १९६४ पासून उत्पादनात आहे. १९९३ ते १९९८ या काळात निघालेली तिची '९९३' ही पिढी हवेने थंड होणारे इंजिन असलेली शेवटची ९११ ठरली. नंतरच्या गाड्यांत पाण्याने थंड होणारे इंजिन आले. त्यामुळे फारशी न धावलेली ९९३ संग्राहकांना हवीहवीशी वाटते. मालकापुढचा पेच मात्र खरा आहे. वाढत्या किलोमीटरबरोबर किंमत उतरते आणि गाडी नुसती उभी ठेवली तर यंत्र खराब होते.

ओडोमीटरच्या बाहेरची झीज

क्लच, ब्रेक पॅड आणि टायरच्या खाचा अंतराने झिजतात. ओडोमीटर तेवढेच सांगतो. रबर, ब्रेक ऑइल आणि बॅटरी यांचे वय काळाने वाढते. टायरच्या कडेवरील चार अंकी आकडा उत्पादनाचा आठवडा व वर्ष दाखवतो : '३२१४' म्हणजे २०१४ चा बत्तिसावा आठवडा. अशा टायरच्या खाचा शाबूत असल्या तरी रबर कडक होऊन पकड कमी झालेली असते. मागच्या चाकांच्याही मागे इंजिन असलेल्या गाडीत, ओल्या वळणावर, ही उणीव जिवावर बेतू शकते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. म्हणून गाडी हलली नसली तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलणे योग्य.

अर्धवट तापलेले इंजिन

सर्वाधिक गैरसमज येथे आहे. दर रविवारी गॅरेजमध्येच दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवले की ते 'मोकळे' राहते, असे अनेक मालक मानतात. प्रत्यक्षात एक लिटर पेट्रोल जळताना वाफेच्या रूपात सुमारे एक लिटर पाणी तयार होते. बहुतेक वाफ धुराबरोबर बाहेर जाते. थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली उतरते आणि थंड इंजिनात पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पूर्ण तापले तर हे पाणी उडून जाते. तापले नाही तर ते तिथेच राहते, ज्वलनातून आलेली आम्लेही राहतात आणि बेअरिंगच्या पृष्ठभागांना गंज व खड्डे पडू लागतात. सायलेन्सरमध्येही पाणी साचते. ९९३ मध्ये ऑइल वेगळ्या टाकीत असते व एकूण दहा लिटरहून अधिक लागते. एवढे ऑइल जागेवरच्या मंद फेऱ्यांनी नीट तापत नाही. त्यासाठी रस्त्यावर अर्धा-पाऊण तास सलग धाव लागते. या इंजिनातील ऑइलची पातळीसुद्धा ते पूर्ण गरम असताना, चालू ठेवूनच पाहावी लागते. दहा मिनिटे सुरू करून बंद करण्यापेक्षा मुळीच सुरू न करणे बरे.

हंगामी नंबर प्लेट

या गाडीच्या मायदेशी, जर्मनीत, ठरावीक महिन्यांपुरती वैध नंबर प्लेट मिळते. तिच्या उजव्या टोकाला पहिल्या व शेवटच्या महिन्याचे अंक असतात; ०४ आणि १० असल्यास गाडी एप्रिल ते ऑक्टोबर चालवता येते. कर त्याच महिन्यांचा लागतो. उरलेल्या काळात ती सार्वजनिक रस्त्यावर उभी करण्यासही मनाई असते. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठामुळे पत्रा गंजतो, म्हणून ही सोय गाडीच्याही हिताची. विश्रांतीपूर्वी ऑइल बदलतात, कारण वापरलेल्या ऑइलमधील आम्ले महिनोन्‌महिने आत ठेवणे इष्ट नसते. टायरमधील हवा थोडी वाढवतात आणि बॅटरीला मंद चार्जर जोडून ठेवतात.

किती चालवावी

हिशोब किलोमीटरपेक्षा पूर्ण तापलेल्या फेऱ्यांचा असावा. सात महिन्यांच्या हंगामात दर पंधरवड्याला साठ किलोमीटरची एक फेरी धरली तर सुमारे ९०० किलोमीटर होतात. त्यात आल्प्सच्या घाटांतील एखादी मोठी सहल मिळवली तरी वर्षाचा आकडा २,५०० च्या आसपास राहतो. दहा वर्षांत २५,००० किलोमीटर या इंजिनाला जड नाहीत. शिवाय एरवी लक्षात न येणारी ऑइलची गळती किंवा अडकू लागलेला ब्रेक अशा नियमित वापरातच वेळेवर सापडतो.

किमतीची मर्यादा

हा हिशोब सर्व गाड्यांना लागू नाही. जवळजवळ न धावलेल्या गाडीची किंमत तिच्या अस्पर्श असण्यातच असते. तिथे पहिले काही हजार किलोमीटर फार महाग पडतात. ६०,००० किलोमीटर धावलेल्या ९९३ ला आणखी ५,००० ने तुलनेने थोडाच फरक पडतो. चालवण्याची इच्छा असेल, तर खरेदीच्या वेळीच अशी मध्यम धावलेली, नोंदी पूर्ण असलेली गाडी निवडणे अधिक शहाणपणाचे. अत्यल्प धावलेली गाडी घ्यायचीच असेल, तर खरेदीच्या रकमेत नवे टायर, ब्रेकचे होस पाइप, सर्व द्रव आणि सुकलेल्या ऑइल सीलची दुरुस्ती यांचा खर्च आधीच धरावा लागतो.